मुलांचे प्रश्न, मुलांचे प्रकल्प

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मिरज येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे एखादी संस्था अखंड चालविणे ही सामान्य गोष्ट नाही. ज्यांनी या ट्रस्टचा पाया घातला त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून काय करावे, याविषयी अनेक सूचना आल्या आहेत. संयोजकांनी मला ‘शालेय मुले आणि संगणक’ हा विषय दिला. त्या अनुषंगाने माझीही एक सूचना आपणांसमोर ठेवण्याची परवानगी घेतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून काम करवून घेण्याचा, परिचय करून द्यावा असे सुचविले. त्याच वर्षी टाळेबंदी होती आणि मुले घरात होती. लहान मुलाने कोडिंग शिकले की तो लगेच कोट्यधीश होणार, अशा थाटाच्या जाहिराती घरोघरी पोहोचल्या. त्यांतील काही जाहिराती मागे घ्यावयास सांगण्याची वेळ जाहिरात मानक परिषदेवर आली. त्यामुळे पालकांच्या मनात दोन टोके निर्माण झाली. काहींना वाटते, हे शिकले नाही तर मूल मागे पडेल. काहींना वाटते, मोबाईलने डोळे बिघडवलेच आहेत, त्यात ही आणखी एक भर. दोन्ही चिंता मी समजू शकतो. परंतु दोन्हींमध्ये एक प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. मुलाला स्वतःला काय करून पाहावेसे वाटते?

सिमूर पेपर्ट या गणितज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. संगणकाने मुलाला पाठ द्यावेत याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. कारण दुसऱ्याला शिकविताना आपल्याला काय कळले नाही ते उघडे पडते. त्याच परंपरेत २००७ साली एम.आय.टी. संस्थेने ‘स्क्रॅच’ सर्वांसाठी खुले केले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून कार्यक्रम रचता येतो. ते मोफत आहे आणि इंटरनेट नसतानाही चालते. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कम्प्युटर मस्ती’ हा शालेय अभ्यासक्रम तयार केला. त्यातही बटणे दाबण्यापेक्षा पायरीपायरीने विचार करण्यावर भर आहे.

ही गोष्ट एका घरगुती उदाहरणाने सांगतो. आपल्या घरी आजी रात्रिभोजन करीत नाहीत. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी त्या आहार आटोपतात. मिरजेत डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैत सात वाजून गेल्यावर. समजा, सातवीतल्या नातीने ठरविले की, आजची वेळ काय हे आजीला सांगणारा प्रोग्रॅम आपण करू. ती पंचांगातून सूर्यास्ताच्या वेळा उतरवून घेते. सूर्यास्त ६.१० ला, त्यातून ०.४८ वजा करते. संगणक उत्तर देतो, ५.६२. पाच वाजून बासष्ट मिनिटे! आजी हसतात, नात गोंधळते. संगणक चुकला म्हणावे तर त्याने सांगितलेले काम चोख केले आहे. मग तिच्या ध्यानात येते की तासाचे शंभर भाग नसतात, साठ असतात. ती सर्व वेळेची मिनिटे करते. अठरा तास दहा मिनिटे म्हणजे १०९० मिनिटे, वजा ४८, राहिली १०४२. त्यांचे पुन्हा तास केले की सतरा तास बावीस मिनिटे, म्हणजे सायंकाळचे पाच वाजून बावीस मिनिटे.

मित्रहो, ही वजाबाकी पाठ्यपुस्तकातही आहे. पण तेथे ती पाच गुणांसाठी असते, आणि येथे आजीच्या ताटासाठी. चूक शिक्षकांच्या लाल शाईने न कळता तिची तिलाच दिसली आणि तिनेच ती सुधारली. यात कोणी रागावले नाही, कोणी नापास झाले नाही. आपला दोष आपणच शोधावा, मान्य करावा आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून जपावे, ही वृत्ती प्रतिक्रमण करणाऱ्या समाजाला नव्याने सांगावयास नको.

स्वतः निवडलेल्या प्रश्नामागे लागून शिकणे ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचावे, शंका विचारावी, त्यावर वारंवार चिंतन करावे, शुद्ध उच्चारून घोकावे आणि मग दुसऱ्यास सांगावे. आज आपल्या शिकवणी वर्गांत पहिला आणि चौथा प्रकार भरपूर चालतो. पृच्छनेला वेळ नाही, अनुप्रेक्षेला सवड नाही आणि दुसऱ्यास समजावून सांगण्याची संधी तर फारच थोड्या मुलांना मिळते. स्वतःचा प्रकल्प करणाऱ्या मुलाला पाचही पायऱ्या चढाव्या लागतात.

आपल्या आचार्यांच्या गणिताचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ साली आपल्या शेजारच्या सोलापुरातून प्रसिद्ध झाली. त्याच शतकाच्या आरंभीच्या ‘धवला’ टीकेत वीरसेनाचार्य ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना वापरतात. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली असता एकावर येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद पाच, १०२४ चे दहा. आता आपल्या ट्रस्टच्या सभासद-नोंदवहीत १०२४ नावे अकारविल्हे लावली आहेत असे समजा. एक नाव शोधण्यासाठी पहिल्या पानापासून वाचत जाण्याचे कारण नाही. मधोमध उघडावे, नाव अलीकडे की पलीकडे ते पाहावे आणि निम्मी वही बाजूला सारावी. दहा वेळा निम्मे केले की एकच नाव उरते. संगणक मोठ्या याद्यांत शोध घेतो तो याच रीतीने. सहावीचे मूल हे खेळता खेळता शिकू शकते.

मात्र एक सावधगिरी बाळगू या. आचार्यांना अर्धच्छेद माहीत होते, म्हणून संगणकही आपल्याकडेच होता, असे म्हणण्याचा मोह टाळावा. पूर्वजांच्या बुद्धीचा गौरव त्यांच्यासारखे प्रश्न विचारण्याने होतो. नुसत्या अभिमानाने मुलाला वजाबाकी येत नाही.

या विषयात मिरजेचे काही वेगळे भाग्य आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असेही त्या धोरणात म्हटले आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दप्तराविना दहा दिवसांसाठी आपल्या मुलांना याहून चांगली शाळा कोणती? पंढरपूरकडून आलेला भोपळा, त्याला जोडलेली दांडी, आणि घोडीवर तासन् तास घासून काढलेली जवारी एखाद्या मुलाने पाहिली. मग त्याला वाटले की आपण संगणकावर तंबोरा वाजवून पाहू. चार तारा एकामागून एक छेडावयाच्या आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावयाची. आज्ञांची ही आवर्तने प्रोग्रॅममध्ये रोज लागतात. मुलगा ती अर्ध्या तासात बसवील. नंतर कान देऊन ऐकेल तेव्हा त्याला जाणवेल की सूर आला, पण जवारीची आस आली नाही. ती का आली नाही, हे विचारावयास तो पुन्हा कारागिराच्या पायरीवर जाईल. यंत्राची मर्यादा आणि माणसाच्या हाताची थोरवी त्याला एकाच वेळी कळेल.

कृष्णेचेही तसेच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पाण्याची रोजची पातळी नोंदवून तिचा आलेख काढणारा प्रोग्रॅम आठवीच्या मुलांना अवघड नाही. ज्या घरांनी पूर अनुभवला आहे, त्या घरांतील मुलांना त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्रात याचा पाठ पूर्वीच घालून दिलेला आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधनकार्य सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हातांनी काम करीत शिकणे हे त्यांचे सूत्र. तेथेच २००२ साली एम.आय.टी.च्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. जगातील अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांपैकी ती एक. गाव लहान असले म्हणून ज्ञानाने लहान राहावे लागत नाही, हे पाबळने दाखविले.

काही पालक विचारतील की आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगेल तो प्रोग्रॅम लिहून देते, मग मुलांनी शिकावेच कशाला? पाच वाजून बासष्ट मिनिटे हे उत्तर आठवा. यंत्राने लिहून दिलेलेही चुकू शकते. ते ओळखण्यासाठी मुलाला काय हवे आहे आणि बरोबर उत्तर कसे दिसते, हे त्याचे त्याला ठाऊक असले पाहिजे. तो विवेक उसना मिळत नाही.

आता माझी सूचना. आपल्या वास्तूतील एक खोली, सहा-सात संगणक (वापरलेले असले तरी चालतील) आणि मुलांवर प्रेम करणारा एक मार्गदर्शक. आठवड्यातून दोन सायंकाळी सहावी ते आठवीची मुले येतील. शुल्क नाही, परीक्षा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने आपला प्रश्न निवडावा, नंतर त्यावर काम करावे आणि शेवटी येथेच, आपणां वडीलधाऱ्यांसमोर, काय केले आणि कोठे अडले ते सांगावे. अडलेलेही सांगावे, हे महत्त्वाचे. मुलींची संख्या मुलांइतकी असावी. दार शेजारच्या महानगरपालिका शाळेतील मुलांनाही उघडे असावे.

या शेवटच्या मुद्द्यावर कोणाचा आक्षेप असेल तर मी कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण करून देतो. कुंभोजला जैन कुळात जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालू केले. आपल्या समाजाने बोर्डिंगे बांधली, ज्ञानदान हे श्रेष्ठ दानांपैकी मानले. त्या काळी खेड्यातील मुलाला शहरात राहावयास जागा नव्हती, म्हणून बोर्डिंग हे ज्ञानदान होते. आज मुलाच्या हातात यंत्र आहे, पण त्याच्या प्रश्नाला जागा नाही. ती जागा देणे हे आजचे ज्ञानदान होय.

भिंतीवर दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी लागेल, ती लागावीच. पण तिच्याखाली बसून एखादी मुलगी आजीसाठी वेळेचे गणित सोडवीत असेल, तर त्या पाटीचे खऱ्या अर्थाने सार्थक होईल. विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती करतो.