खोटी साक्ष



प्रतापगडाच्या डोंगरावर महाशिवरात्रीला महादेवाच्या दर्शनास आलेला भाविक दर्ग्यापुढेही माथा टेकवितो. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे येथे अंगवळणी पडले आहे. मैत्रीची पारख मात्र यात्रेत होत नाही. ती संकटात होते.

कुंभोजचे भाऊराव पाटील आणि कोल्हापूरचे अण्णासाहेब लठ्ठे, दोघेही जैन समाजातील. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात डांबर प्रकरण गाजले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आला. त्यांनी नकार दिला आणि तुरुंगवास व छळ सोसला. सत्याणुव्रतात खोटी साक्ष वर्ज्य आहे, हे प्रवचनात ऐकणे सोपे. कोठडीत आठवणे कठीण. व्यवहारात तर एवढे मोठे संकटही लागत नाही, चार पैशांच्या लाभापुढे जीभ घसरते!

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात धान्याची चणचण भासली, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. त्या पंगतीत सर्व जातींची मुले शेजारी-शेजारी बसून जेवत होती.