साध्या वेषातला पोलीस आणि आपण



माझ्या थोरल्या मावशीच्या सोन्याच्या दोन पाटल्या भर दुपारी रस्त्यावर गेल्या. बाजार करून ती घरी निघाली होती. साध्या कपड्यांतल्या दोन इसमांनी तिला थांबवले. ‘मावशी, आम्ही पोलीस. पुढं खून झालाय. अंगावर सोनं घालून कुठं निघालात? काढा, कागदात बांधून देतो.’ बोलता बोलता एकाने सदरा जरा वर करून कमरेचे पिस्तूल दाखवले. मावशीने पाटल्या काढून दिल्या. घरी येऊन पुडी सोडते, तो आत चार खडे! आम्ही म्हटले, ‘अगं, ओळखपत्र तरी मागायचंस.’ ती म्हणाली, ‘कमरेला पिस्तूल होतं रे. पोलीस नाही असं कसं म्हणू?’

मावशी भोळी नाही. आपण सगळेच असा हिशेब करतो : पिस्तूल आहे, म्हणजे अधिकार आहे. हा हिशेब कुठे चुकतो ते आज पाहू.

आधी अधिकाराचे बघा. एकदा वर्गात एका मुलाने मला विचारले, ‘सर, पोलीस घरी जेवायला बसला, की तो पोलीस राहतो का?’ पोरे हसली. पण प्रश्न मोलाचा होता. आपल्या राज्याचा पोलीस कायदा १९५१ सालचा. त्याचे २८ वे कलम सांगते, की रजेवर नसलेला आणि निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस, त्या कायद्यापुरता, सदैव कामावर आहे असे मानावे. म्हणजे वर्दी खुंटीला टांगली तरी कर्तव्य टांगता येत नाही. पानावर बसलेल्या पोलिसाला समोर चोरी होताना दिसली, तर ‘माझी पाळी संपली’ म्हणून त्याने पाठ फिरवायची नाही. मात्र घरचे बांधाचे भांडण त्याने उकरून काढले, तर तो ‘कामावर’ होता म्हणून ते भांडण सरकारी होत नाही.

आणि रजेवरचा पोलीस? त्याला हे कलम लागू नाही, पण तुम्हांआम्हांला आहे तो अधिकार त्यालाही आहेच. आपल्यासमोर कोणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, तर कोणाही नागरिकाला त्याला पकडता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमात ही तरतूद आहे. अट एकच : विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचे.

आता शस्त्राचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक-पिस्तुलाला परवाना लागतो. सरकारी नोकराला यातून सूट आहे. पण ती ‘कर्तव्य बजावताना’ एवढीच. त्याला स्वतःचे खाजगी पिस्तूल हवे असेल, तर तुमच्याआमच्यासारखाच परवाना काढावा लागतो. म्हणजे अधिकार पोलिसाच्या पाठोपाठ घरापर्यंत जातो; शस्त्र मात्र कामाच्या दाव्याला बांधलेले असते.

अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या रीतीने मांडली आहे. तिथे पन्नास राज्ये आणि शस्त्रांचे नियम राज्यागणिक वेगळे. २००४ साली तिथल्या केंद्र सरकारने कायदा केला, की पात्र पोलिसाने, निवृत्त झालेल्यानेसुद्धा, कामावर नसताना कपड्यांआड शस्त्र बाळगून कोणत्याही राज्यात जावे. अटी आहेत : खात्याचे छायाचित्रासह ओळखपत्र जवळ हवे, नेमबाजीच्या कसोटीला उतरलेले हवे, दारू प्यालेले नसावे. पण गंमत अशी, की हा कायदा शस्त्र बाळगू देतो, अटक करण्याचा अधिकार देत नाही. परक्या राज्यात पिस्तूल आहे आणि पोलिसी अधिकार नाही, असे तिथे सहज घडते.

आणि लपवलेल्या पिस्तुलाची जोखीम खुद्द पोलिसालाही असते. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये कामावरून सुटलेला एक तरुण पोलीस, आपल्या मोटारीत शिरलेल्या माणसामागे हातात पिस्तूल घेऊन धावला. अंगावर वर्दी नव्हती. त्याच्याच खात्यातल्या दुसऱ्या पोलिसाने त्याला गुन्हेगार समजून गोळी घातली. त्यात तो गेला. पोलिसालाच पोलीस ओळखता आला नाही, तिथे माझ्या मावशीने कसा ओळखावा?

म्हणून कायद्याने भर दिला आहे तो ओळखीवर. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. आज ते सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमात आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्वच्छ दिसले पाहिजे. अटकेचा कागद झाला पाहिजे, त्यावर साक्षीदाराची सही हवी. आप्ताला किंवा मित्राला कळवण्याचा तुमचा हक्क त्याने तुम्हांला सांगितला पाहिजे. वस्तू जप्त करायची तर पंचनामा आला, पंच आले. रस्त्यात दागिने काढून पुडी बांधण्याची रीत कोणत्याच कायद्यात नाही. आणि पोलीस नसताना पोलीस म्हणून मिरवणाऱ्याला न्याय संहितेच्या २०४ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

तेव्हा उद्या साध्या वेषातला कोणी ‘मी पोलीस’ म्हणाला, तर हुज्जत घालू नका, पळूही नका. शांतपणे म्हणा, ‘साहेब, आपलं नाव, आपलं ठाणं कोणतं? ओळखपत्र बघू द्या.’ चार माणसे असतील तिथे थांबा. शंका वाटली तर ११२ फिरवा. खऱ्या पोलिसाला याचा राग येण्याचे कारण नाही. तोतयांमुळे त्याचेही नाव खराब होते. मात्र समोरचा शस्त्र रोखून उभाच राहिला, तर पाटली जाऊ द्या, जीव राखा आणि मग ठाणे गाठा.

गुरुजनांना एक विनंती. हा प्रसंग वर्गात मुलांकडून करून घ्या. एकाने पोलीस व्हावे, एकाने मावशी. ‘ओळखपत्र बघू द्या’ हे वाक्य मुलांच्या तोंडी बसू द्या; म्हणजे ते घरी आजीपर्यंत पोचेल. माझी मावशी आता हे वाक्य म्हणते. हातात मात्र काचेच्या बांगड्याच आहेत.