पदवीवाचून अडते कोणाचे?



मौद्यापासून नागपूरपर्यंत कोणत्याही किराणा दुकानात जाऊन 'एचएमटी' एवढी तीन अक्षरे उच्चारली, की दुकानदार तांदळाच्या पोत्याकडे वळतो. पेंचच्या कालव्यावर ज्यांचे धान पिकते त्या या भागातील शेतकऱ्यांना या वाणाची ओळख करून देण्याची गरज नाही. मात्र हे वाण कोणी शोधले असे विचारले, तर उत्तर देणारे फार थोडे निघतील. ते शोधणारा माणूस विदर्भातीलच होता. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे, तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी ते शोधले. दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते.

महाविद्यालयाची पदवी नसताना माणसाला आयुष्यात यश मिळवता येते काय, हा प्रश्न आज तालुक्याच्या प्रत्येक गावात, बारावीच्या निकालानंतर प्रत्येक घरात विचारला जातो. त्याचे एक ठरीव उत्तर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून व व्याख्यानमालांतून मिळत असते. बिल गेट्स यांनी विद्यापीठ सोडले आणि ते जगातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले. तेव्हा जिद्द असली की पुरे, असे ते उत्तर आहे. हे उत्तर देणारे एक गोष्ट सांगावयाचे विसरतात. गेट्स यांनी १९७५ साली जे विद्यापीठ सोडले ते हार्वर्ड होते, आणि हार्वर्ड सोडण्यासाठी आधी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळावा लागतो. त्यांचे वडील वकील होते. शाळकरी वयातच त्यांना संगणकावर बसावयास मिळाले होते, आणि तेही अशा काळात, की जेव्हा बहुतेक माणसांनी संगणक डोळ्यांनीही पाहिला नव्हता. अशा घरातील मुलाने पदवी नाकारणे आणि मौदा तालुक्यातील शेतमजुराच्या मुलाला पदवी नाकारली जाणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. एकाला पदवीची गरज नव्हती. दुसऱ्याला ती परवडत नाही. दुसऱ्याला पहिल्याची गोष्ट ऐकवून 'तूही असाच हो' म्हणणे ही प्रेरणा नव्हे, ती चेष्टा आहे.

म्हणून गेट्स बाजूला ठेवून दादाजींची गोष्ट नीट पाहिली पाहिजे. १९८३ साली त्यांच्या शेतात 'पटेल-३' नावाचे धान लावलेले होते. त्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचा रंग पिवळसर होता. शेतकऱ्याच्या नजरेला असे वेगळेपण नेहमीच पडते, आणि बहुतेक वेळा ते मळणीत मिसळून जाते. दादाजींनी त्या लोंब्या निराळ्या काढून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते दाणे वेगळे पेरले, त्यांतून पुन्हा निवड केली, पुन्हा पेरले. वर्षातून एकदाच पिकणाऱ्या धानावर असा प्रयोग करावयाचा म्हणजे एक चूक सुधारण्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. हे काम पाच-सहा वर्षे चालले. त्यातून जो तांदूळ निघाला त्याचा दाणा बारीक होता, उत्पन्न चांगले होते आणि भात चवीला उत्तम होता. कृषिशास्त्रात याला निवड पद्धती म्हणतात. तिच्यावर प्रबंध लिहून माणसे डॉक्टर होतात.

१९९० च्या सुमारास परिसरातील एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे त्यांच्याकडून विकत घेतले, आपल्या शेतात लावले आणि आलेले धान तळोधीच्या बाजारात नेले. वाणाला नाव नव्हते. व्यापाऱ्याला नाव हवे होते. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळाला मोठा मान होता. लग्नात जावयाला ते मिळाले की घराची प्रतिष्ठा वाढे. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले. अशा रीतीने ज्याने वाण शोधले त्याचे नाव त्याला लागले नाही, कारखान्यातील घड्याळाचे लागले. यात कोणाचा कट नव्हता. बाजाराला शोधकर्त्याची आठवण ठेवण्याची सवय नसते, एवढेच.

पुढे जे झाले त्याला मात्र बाजार जबाबदार नव्हता. १९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील संशोधन केंद्राकडून दादाजींकडचे थोडे बियाणे नेण्यात आले. १९९८ साली विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केले. मूळ वाण आम्ही शुद्ध केले, असे विद्यापीठाचे म्हणणे राहिले. न्यायाने बोलावयाचे तर शुद्धीकरण हे खरे काम आहे, सोपेही नाही. शेतकऱ्याच्या हातून निवडलेल्या वाणात जी सरमिसळ राहते ती काढून टाकल्यावाचून बियाणे मोठ्या प्रमाणावर देता येत नाही. पण शुद्ध करावयाला मूळ काही तरी असावे लागते. ते मूळ ज्याने दिले त्याला कोणता अधिकार, कोणता वाटा, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या फायलीत नव्हता. पदवीधारकांच्या हाती आल्यावर जे ज्ञान 'संशोधन' ठरते, तेच तिसरी शिकलेल्या माणसाच्या हाती असताना 'स्थानिक बियाणे' असते.

दादाजी थांबले नाहीत. नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके अशी आणखी वाणे त्यांनी काढली. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१० साली अमेरिकेतील 'फोर्ब्स' नियतकालिकाने भारताच्या ग्रामीण भागातील प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. ज्या यादीत ते बसले तिच्यात शोभावे असे त्यांच्या घरात काहीच नव्हते. जमीन दीड एकर, आजारपण सुरू झाल्यावर उपचारासाठी पैशांची ओढाताण, आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्रामच्या रुग्णालयात मृत्यू. यश कशाला म्हणावयाचे, हे या आयुष्यावरून ठरवावयाचे झाले तर मोठी पंचाईत होते. काम यशस्वी झाले, वाण यशस्वी झाले, व्यापारी यशस्वी झाले. काम करणारा माणूस मात्र तेथेच राहिला.

यावर कोणी म्हणेल, की पदवी नसताना वर गेलेली माणसेही या महाराष्ट्रात झाली. झाली, आणि त्यांच्याकडेही पाहिलेच पाहिजे. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले. मुंबई महापालिकेच्या शाळेत त्यांनी शिपायाचे काम केले, नोकरी करता करता परीक्षा दिली आणि त्याच महापालिकेच्या शाळेत ते शिक्षक झाले. १९६६ साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह निघाला, १९९५ साली ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी येथे बोलावयाचे नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते निराळे आहे. शिपायाला शिक्षक होता येईल अशी एक शिडी त्या महापालिकेच्या नोकरीत होती. नोकरी कायम होती, म्हणून रात्री अभ्यासाला बसता आले. भोवती कामगार संघटना होती, चळवळ होती, तीत बोलणारी व वाचणारी माणसे होती. आज शिपायाचे काम बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत होते. आजच्या एखाद्या सुर्व्यांना ती शिडी कोठे सापडणार? जिद्द तीच असेल, पण पाय ठेवावयाला पायरीच नाही.

हा विचार काही नवा नव्हे. जोतीराव फुले स्वतः ठेकेदारीचा व्यवसाय करणारे, पदवी नसलेले गृहस्थ. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करा असे सांगितले, आणि शाळेत शेतीचे व्यवहारोपयोगी ज्ञानही द्या असे सुचविले. वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर रयतेच्या पैशातून होणारा खर्च त्यांच्या डोळ्यांत सलत होता. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये, येथून जवळच वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची नयी तालीम मांडली गेली. ती नीट रुजली नाही. त्याचे एक कारण उघड होते: सूत कातावयास शिकलेल्या मुलाला नोकरी देताना सरकार त्याच्या सुताकडे पाहत नव्हते, त्याच्या मॅट्रिककडे पाहत होते. पालक मूर्ख नसतात. ज्या शाळेतून खुर्ची मिळते त्या शाळेत ते मुलाला घालतात.

मग सरकारने काय केले? १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. महाविद्यालयाची पायरी न चढता राज्याच्या सर्वोच्च पदावर गेलेल्या नेत्याने हे करावे, यात काहींना विसंगती दिसली. वस्तुतः विसंगती नव्हती. महाराष्ट्रातील मुले कर्नाटकात जाऊन देणग्या भरतात, ती येथेच शिकावीत असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि पदवी नसल्याची किंमत काय असते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पण परिणाम असा झाला, की पदवी विकत घेण्याची वस्तू झाली. वस्तू मुबलक झाली की तिची किंमत उतरते, आणि ज्याच्याकडे ती मुळीच नाही त्याची किंमत त्याहून उतरते. दहावीवर मिळणाऱ्या जागेसाठी पदवीधर रांगेत उभे राहू लागले. काम तेच राहिले, फाटक तेवढे अरुंद झाले.

मौद्यात हे फाटक प्रत्यक्ष पाहता येते. एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र येथे उभे आहे: ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण क्षमता २३२० मेगावॉट. अभियंते देशभरातील स्पर्धा परीक्षेतून निवडून येतात, आणि त्यात गैर काही नाही. आयटीआय झालेल्या स्थानिक मुलाच्या वाट्याला मात्र पुष्कळदा येते ते कंत्राटी काम. फिटर, ज्याला सरकारी मराठीत जोडारी म्हणतात, दहा वर्षे झडपा व पंप खोलतो आणि बसवतो. आवाजावरून बेअरिंगचा दोष ओळखण्याइतका त्याचा कान तयार होतो. कंत्राट बदलले की नवा ठेकेदार त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभा करू शकतो, कारण त्या दहा वर्षांचा कागद कोणी दिलेला नसतो.

कायदा याबाबतीत मुका नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालील अधिसूचनांत अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी प्रतवारी होती, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाने शिकलेल्या कामगाराची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. कल्पना उत्तम आहे. उणीव एवढीच, की ते प्रमाणपत्र दाखवले म्हणून मालकाने एक रुपया अधिक द्यावा असे बंधन नाही. कागद भिंतीवर लागतो, मजुरी आहे तेथे राहते. शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचे २०१९ मध्ये ठरलेले दर पाहा: पाचवी ते नववी उत्तीर्णाला दरमहा किमान पाच हजार, पदवीधराला नऊ हजार. काम शिकावयाला दोघेही आलेले, पण शाळेत जितकी वर्षे कमी, तितके काम शिकत असतानाचे पोटही लहान, असा हा हिशेब आहे.

जर्मनीत १९६९ च्या कायद्याने उमेदवारीच्या शिक्षणाला जी चौकट दिली, तीत परीक्षा मंडळावर मालकांच्या बरोबरीने कामगारांचे प्रतिनिधी बसतात, आणि प्रमाणपत्राचा संबंध संघटनेने केलेल्या वेतनकराराशी जुळतो. तेथील कुशल कामगार पदवीवाचून सन्मानाने जगतो तो त्याच्या अंगच्या जिद्दीमुळे नव्हे. त्याच्या कौशल्याचा भाव ठरविण्याच्या टेबलावर त्याची माणसे असतात म्हणून. आपल्याकडे पुष्कळशी संघटना कायम कामगारांपुरती राहिली आणि कंत्राटी कामगार कुंपणाबाहेर उभा राहिला, हे समाजवादी चळवळीनेही मोकळेपणाने पाहिले पाहिजे.

तालुक्यातील कार्यकर्त्याला यात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मंत्रालयाकडे तोंड करून बसावे लागत नाही. कंत्राटी कामगाराने कोणत्या वर्षी, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणते काम केले याची नोंदवही गावोगाव ठेवता येईल. हजेरीपत्रकाची प्रत, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, वेतनचिठ्ठी हे सारे एका जागी असेल तर प्रतवारीच्या तक्रारीला आधार मिळतो. कौशल्याची चाचणी देऊन आलेल्या कामगारांनी एकत्रितपणे कुशल दराची मागणी केली, तर ती एकट्याने केलेल्या मागणीसारखी हसण्यावारी नेता येत नाही.

धानाच्या बाबतीत तर कायदाच शेतकऱ्याच्या बाजूचा झाला आहे. पिकांची वाणे व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा २००१ साली संमत झाला. दादाजींचे बियाणे नेले गेले तेव्हा तो नव्हता. या कायद्याने नवे वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराच्या बरोबरीने नोंदणीचा हक्क दिला, आणि शेतकऱ्याला शुल्कातून सूट दिली. शाळेची इयत्ता अर्जात कोठेही अडवत नाही. अडते ते वाणाची लक्षणे लिहून काढण्यापाशी: लोंबीची लांबी, दाण्याचा रंग व आकार, पीक किती दिवसांत हाती येते, कोणत्या हंगामात कोणत्या बांधीत प्रथम निराळे काढले. कार्यकर्त्याने रोवणीच्या आधी शेतकऱ्याजवळ बसावे, पीक निसवते तेव्हा पुन्हा जावे आणि कापणीच्या वेळी बियाण्याची पुरचुंडी नावगावासह बांधून ठेवावी. मौदा, रामटेक, कुही या तिन्ही तालुक्यांतील ज्या गावांत म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे जुनी किंवा स्वतः निवडलेली वाणे अजून आहेत, त्या गावांची यादी येत्या रोवणीपूर्वी तयार करता येईल.