लावायची ठाऊक होती, काढायची नव्हती



आज गाडीबद्दल बोलणार आहे म्हटल्यावर आपल्या केंद्रावरच्या ताईसुद्धा जरा हसल्या. इंजिनाबद्दल नाही बोलणार, ते मला येत नाही. गाडीच्या दारावर बाहेरून काळी पट्टी असते, चाकाच्या वर प्लास्टिकची कमान असते, दाराखाली लांब तुकडा असतो, त्याबद्दल बोलायचंय. कारखान्यात या सगळ्याला ट्रिम म्हणतात. दुकानात बीडिंग म्हणा, क्लॅडिंग म्हणा, कळतं त्यांना. दिसायला शोभेची वस्तू. पण शेजारच्या गाडीचं दार आपटलं, रस्त्यावरचा खडा उडाला, तर मार ती खाते आणि पत्रा वाचतो.

आमच्या घरी धाकट्या दिरांची सुमो आहे, २०१० सालची. सुमो म्हणजे आपल्या पिंपरीचीच लेक. टाटांनी ती १९९४ साली आणली आणि टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातलं सु आणि आडनावातलं मु घेऊन तिचं बारसं केलं, मु चा झाला मो. जपानी पैलवानाशी तिचा काही संबंध नाही, हे मला कारखान्यात गेल्यावर कळलं. आमच्या गटाचे पापड, कुरडया, मसाले याच गाडीतून चाकणला, भोसरीला जातात. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेलाही हीच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मागच्या चाकावरची कमान तडकली आणि तिची धार बाहेर आली. गटातल्या एका काकूंचं नवं पातळ तिथे अडकून टर्रकन फाटलं. पुढच्या आठवड्यात आमच्या पोराच्या पोटरीला ओरखडा. त्यात गाडीला पंधरा वर्षं पुरी होत आलेली. मोशीच्या आरटीओत तपासणीला न्यायची, पास झाली तर पुढची पाच वर्षं. लोंबत्या पट्ट्या आणि ती धार घेऊन जायचं कसं? गॅरेजवाल्याने सामान आणि मजुरीचा जो आकडा सांगितला तो ऐकून भावजी म्हणाले, विकूनच टाकू. गाडी गेली की गटाचा माल भाड्याच्या टेम्पोने, म्हणजे पापडात काय उरणार? मी म्हटलं, "भावजी, मी बसवते." ते म्हणाले, "वहिनी, हे काय पापड लाटणं आहे का?"

आता सांगते, मी असं का म्हटलं. चाकणच्या एमआयडीसीत मी अडीच वर्षं ट्रिम लाईनवर होते. कंत्राटी. दर दोन मिनिटांनी समोर नवी गाडी यायची आणि मी तिच्या दारांना पट्टी लावायची. कंत्राट संपलं, गेटपास परत दिला, घरी आले. घरच्यांच्या लेखी मी "कंपनीत जायची". कंपनीत काय करायची, हे कुणी विचारलं नव्हतं.

बाईने गाडीला हात लावावा की नाही हा वाद आपल्या भागात जुनाच आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि नोकरी मिळवली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जुळवणारी लाईन बायका चालवतात, हजाराच्या वर बायका. आणि मला अंगणातल्या सुमोला हात लावायला दिरांची परवानगी लागली. ती सासूबाईंनी मिळवून दिली. "विकायचीच आहे ना, मग करू दे तिला," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिला प्रयत्न मी आषाढात केला आणि तो फसला. दुकानातून पट्टी आणली, जुनी खेचून काढली, फडक्याने पुसलं, नवी चिकटवली. चौथ्या दिवशी नाशिक रस्त्यावर ती सुटून मागे फडफडायला लागली. भावजी काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

चूक कुठे झाली ते मला दोन दिवस कळेना. मग लक्षात आलं. लाईनवर गाडी माझ्यासमोर यायची ती कोरी, कोरडी, धुळीचा कण नसलेली. मला लावायची ठाऊक होती, काढायची नव्हती. आणि पंधरा वर्षांच्या गाडीत खरं काम काढायचं आणि साफ करायचं असतं. लावणं शेवटच्या दहा मिनिटांचं.

म्हणून दुसऱ्या वेळी पाऊस पुरता जाऊ दिला, दसरा झाल्यावर हात घातला. आधी बॅटरी मारून पट्टीच्या कडेआड बघायचं, ती कशावर धरलेली आहे. आमच्या कमानी स्क्रू आणि क्लिपांवर होत्या, दारावरच्या पट्ट्या टेपवर. टेपवरची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. पहिल्या वेळचा माझा एक लांब ओरखडा अजून दारावर आहे. गाडी उन्हात ठेवा, पट्टी कोमट होऊ द्या. मग कडेला लाकडी उलथनं, त्याला फडकं गुंडाळून, हलकेच सारा. तेवढ्या फटीतून मासे धरायचा तंगूस घाला आणि दोघींनी दोन टोकं धरून करवतीसारखा मागेपुढे ओढा. जाऊबाई आणि मी ओढला. पट्टी अलगद सुटते, रंगाला काही होत नाही.

मागे राहतो चिकटा. इथे थिनर वापरायचा मोह होतो. तो रंगच खातो. पेट्रोल तर अंगणात उघडं आणूच नका. नव्या स्टीलच्या भांड्यावरचं लेबल आपण कसं काढतो? गरम करून आणि तेल चोळून. तसंच इथे. ऊन लागलेला चिकटा अंगठ्याने वळवला की त्याच्या गोळ्या होतात, उरल्यासुरल्याला खोबरेल. पण मग ते तेल घालवावं लागतं, नाहीतर नवी टेप त्यावरच घसरणार. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि शेवटी मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन पुसा. ते पेटतं, तेव्हा जवळ चूल नको, उदबत्ती नको. पुसल्यावर त्या जागेला बोटही लावायचं नाही. आपल्या बोटांना तेलकटपणा असतोच.

आमच्या मागच्या दारावर पट्टीखाली गंज निघाला. पावसाचं पाणी आणि चिखल तिथे वर्षानुवर्षं बसून होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. पॉलिश पेपरने घासला, खिडकीच्या गजांना लावतो तो रेड ऑक्साइड लावला, वर रंगाचा हात दिला आणि तीन दिवस वाळू दिलं. पत्र्याला भोकच पडलं असेल तर मात्र आधी वेल्डर. भोकावर पट्टी चिकटवून झाकलं तर गंज आतून वाढत राहतो.

सामानाचं थोडं सांगते. जुनं सामान शोधायला पूर्वी लोक चिखलीच्या कुदळवाडीत जायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली शेडं पाडली. आम्ही पुण्याला नाना पेठेत गेलो. जुनी क्लिप सोबत न्या, चित्रासारखी तीच दाखवा, आणि लागतात त्याहून चार जास्त घ्या. काढलेली क्लिप परत वापरू नका, उन्हाने ती ठिसूळ झालेली असते. टेप घेताना स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी फोमची टेप नको. गाडीसाठीची अ‍ॅक्रिलिक फोमची टेप मागा.

आता लावणं. आधी कोरडीच धरून बघा. सगळी दारं उघडून, मिटून बघा, पट्टीचं टोक पुढच्या दाराला अडता कामा नये. गवंडी जसं सूत मारतो तशी दोरी ताणून सरळ रेघ ठरवा आणि त्या रेघेवर कागदी मास्किंग टेप लावा, म्हणजे लावताना हात भरकटत नाही. मग टेपवरचा कागद दोन्ही टोकांना बोटभर सोडवून बाहेर दुमडा. पट्टी जागेवर टेकवा, आणि मगच कागद हळूहळू ओढत दाबत जा. ही टेप दाबाने धरते, नुसती टेकवून नाही. वीत वीत जागा तळव्याने जोर लावून दाबा. सकाळी दहा-अकराला, सावलीत, पत्रा ना गार ना तापलेला असताना. चोवीस तास पाणी नको, आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुवायची नाही.

माझी एक गंमत झाली. लाईनवर अडीच वर्षं मी फक्त डावी बाजू लावली. उजवी समोरची मुलगी लावायची. सुमोची डावी बाजू अर्ध्या तासात झाली, उजवीला हात उलटेच पडायला लागले. दुपार गेली.

कमानींच्या क्लिपा तळव्याने दाबायच्या. नीट बसली की टक् असा आवाज येतो. लाईनवर आम्हाला शिकवलं होतं, दाबा, ऐका, ओढून बघा. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही, कितीही बसल्यासारखी दिसो. आणि दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात ती बुजवू नका. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथूनच जातं. बुजवलीत तर दार आतून सडेल.

हे सगळं बघून भावजींना हुरूप आला आणि ते पुढे लोखंडी गार्ड लावू म्हणाले. त्याला मी नाही म्हटलं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलंय की असे गार्ड बेकायदा आहेत. ठोकर झाली तर समोरच्या पायी माणसाचा जीव जातो, आणि ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे ती वेळेवर उघडेलच असं नाही. नंबर प्लेटलाही हात लावायचा नाही. नवी प्लेट ज्या कुलपाने बसवतात ते एकदाच लागतं, काढलं की तुटतं.

नोव्हेंबरात मोशीला गाडी नेली. मीही गेले. साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, गाडीभोवती एक फेरी मारली. पट्ट्यांकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नाही. मला तेच हवं होतं. परत येताना भावजी वाटेत म्हणाले, त्यांच्या मित्राच्या बोलेरोची पण पट्टी निघालीय, वहिनी बघतील का? मी मजुरी सांगितली. ते जरा थांबले, मग म्हणाले, सांगतो त्याला.

उजवीकडच्या मागच्या कमानीत अजून एक क्लिप सैल आहे, ती राहिलीय. टेपचं अर्धं भेंडोळं उरलंय आणि तंगूसही आहे. कुणाच्या घरी अशी लोंबती पट्टी असेल तर सोमवारच्या बैठकीला गाडी घेऊनच या, पण आदल्या दिवशी धुवून, वाळवून आणा.