दोन भाषांच्या घरात शब्द हरवू लागले तर
(धनज येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या व्यासपीठावरून नेहमी नवे शब्द शिकण्याविषयी बोलले जाते. आज मी, शिकलेले शब्द हळूहळू नाहीसे करणाऱ्या एका आजाराविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात उर्दू चालते आणि शेतात, बाजारात, तहसील कचेरीत मराठी. म्हणून हा विषय आपल्याला फार जवळचा आहे.

अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. तो आघात एका दिवसात होतो. हा आजार मात्र दबक्या पावलांनी येतो. माणूस पन्नास-साठ वर्षांचा असतो, कामधंदा करतो, रस्ता चुकत नाही. पण बोलताना अडतो. विळा समोर असतो आणि तो म्हणतो, ‘ते दे ना, ते...’. अमेरिकेतील मेंदुतज्ज्ञ मेसुलम यांनी १९८२ साली असे सहा रुग्ण वैद्यकीय जगापुढे मांडले. पुढे २०११ साली तज्ज्ञांनी याचे तीन प्रकार ठरविले. एकात उच्चार आणि वाक्याची जुळणी बिघडते. दुसऱ्यात ओळखीचा शब्द वेळेवर सापडत नाही. तिसरा प्रकार घरच्यांना सर्वांत चक्रावून टाकतो. त्यात शब्दाचा अर्थच पुसला जातो. ‘मीठ द्या’ म्हटले की माणूस विचारतो, ‘मीठ म्हणजे काय?’

मेंदूतील भाषेचा भाग क्रमाक्रमाने झिजत जातो, हे याचे कारण. तो थांबविणारे औषध आज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही डॉक्टरांकडे जायचेच. ऐकू कमी येणे, थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही बोलणे-आठवणे मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत.

आता घरात काय घडते ते पाहा. अब्बांची नमाजमधली पठणे बिनचूक होतात, एक ते वीस आकडे सरळ येतात, आणि ‘पाणी’ हा शब्द मात्र येत नाही. घरचे म्हणतात, ढोंग करतात. ते ढोंग नव्हे. वर्षानुवर्षे पाठ असलेले बोलणे पुष्कळदा मागाहून जाते, इतकेच. दुसरा सल्ला शेजारीपाजारी देतात: ‘दोन भाषांनी गोंधळ होतो, आता एकच बोला.’ हा सल्ला मला घातक वाटतो. घरची भाषा तोडली तर दादी नातवंडांना मुकते. मराठी तोडली तर दुकानदार, कंडक्टर आणि डॉक्टर यांना मुकते. कोणती भाषा आधी जाईल याचा एकच नियम नाही. म्हणून तपासणी दोन्ही भाषांत व्हावी आणि वाचोपचारही, शक्य तितका, दोन्हींत व्हावा. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी द्विभाषिक रुग्णांना असे उपचार दोन्ही भाषांत दिले आहेत, आणि दोन्हींत लाभ दिसला आहे.

हा उपचार म्हणजे गोळी-इंजेक्शन नव्हे, रोजचा सराव आहे. वस्तूचे चित्र पाहायचे, ती कशासाठी वापरतात ते सांगायचे, पहिले अक्षर आठवायचे, लिहायचे, मग शब्द उच्चारायचा. तो आधी एका भाषेत, मग दुसऱ्या. उर्दू आणि मराठी यांत सोय अशी की साबण-साबुन, खुर्ची-कुर्सी, कागद-काग़ज़ हे शब्द सख्खे भाऊ आहेत. एक सापडला की दुसऱ्याचा माग लागू शकतो. विहीर आणि कुआँ यांची मेहनत वेगवेगळी करावी लागते. आणि ‘खाली’ या शब्दापासून सावध राहा! मराठीत तो ‘तळाशी’, उर्दूत ‘रिकामा’. ‘डबा खाली आहे’ म्हणणाऱ्या रुग्णाचे उत्तर चूक ठरविण्यापूर्वी तो कोणत्या भाषेत बोलतो आहे हे पाहावे लागते.

घरी एक वही करा. छापील चित्रे नकोत. अब्बांचाच चष्मा, त्यांचीच गोळ्यांची डबी, त्यांचीच नातवंडे यांचे फोटो लावा. शब्द त्यांना निवडू द्या. खाली नाव त्यांना वाचता येते त्या लिपीत लिहा. उर्दू शाळेत शिकलेल्यासाठी उजवीकडून डावीकडे. वाक्ये जुळत नसतील तर पाच-सहा वाक्यांचे छोटे बोलणे, उदाहरणार्थ डॉक्टरांना काय दुखते ते सांगणे, पाठ करून घ्या. त्यांचा आवाज आताच मोबाईलमध्ये भरून ठेवा. सराव सुटला की शब्दही सुटतात. पण सराव चालू असेतो निवडलेले शब्द कित्येक महिने टिकल्याचे दिसले आहे.

दोन भाषा हे ओझे आहे असे मानणाऱ्यांसाठी हैदराबादचे उदाहरण देतो. तेथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. आजार टळतो असा त्याचा अर्थ नाही.

विद्यार्थ्यांनो, उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारा वाचोपचारतज्ज्ञ शोधणे सोपे नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. बारावीला शास्त्र शाखा घेतली की पदवी अभ्यासक्रमाचा मार्ग मोकळा होतो. तो चार वर्षांचा, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. मुलींनी याची चौकशी अवश्य करावी. दादी-नानींच्या पुष्कळ गोष्टी त्यांनाच अधिक मोकळेपणाने कळतात.