पाकिटाचा आकार

श्रोतेहो, पाकीट म्हटलं की आपल्याला पोस्ट आठवतं. पण संगणकांच्या जाळ्यातही मजकूर पाकिटांतूनच जातो. एका संगणकावरची फाईल दुसऱ्यावर उघडली, तर ती अखंड येत नाही. तिचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक पडतो, आणि पलीकडे सगळे तुकडे पुन्हा जुळवले जातात. नेहमीच्या पद्धतीत या पत्त्यालाच निदान ४० बाइट लागतात.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. मला हा हिशेब अक्षरांवरून समजला. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत आपला ‘क’ ३ बाइटांत मावतो. तो एकटा पाठवला, तर ३ बाइटांच्या मजकुरावर ४० बाइटांचा पत्ता! १९८४ साली अमेरिकेतल्या जॉन नेगल यांनी याच उधळपट्टीवर बोट ठेवलं आणि बारीकसारीक मजकूर जरा थोपवून एकत्र पाठवण्याची युक्ती सुचवली.

मग पाकीट मोठं असावं तरी किती? ईथरनेटवर साधारण मर्यादा १५०० बाइटांची. डायल-अपच्या काळात पुष्कळ ठिकाणी ती ५७६ ठेवलेली असे. पत्ता वजा करता एका पाकिटात १,४६० बाइट मावतात, दुसऱ्यात फक्त ५३६. म्हणजे १ एमबीच्या फाईलला पहिल्या मापानं ७१९ पाकिटं लागतात, दुसऱ्यानं १,९५७. स्वस्तातला राउटर पाकीट लहान की मोठं हे पाहत नाही; प्रत्येकामागे त्याची मेहनत जवळपास तेवढीच.

आमच्या गावच्या वाचनालयात याचा अनुभव आला. जुन्या वृत्तपत्रांची स्कॅन केलेली पानं मुख्य इमारतीतल्या संगणकावर आहेत. शाखेत एक पान उघडायला मिनिटभर लागे. वयस्कर वाचक चष्मा पुसत बसत आणि कंटाळून उठून जात. कार्यकारिणीत ठराव आला, की यंदाच्या पुस्तकखरेदीचे पैसे वळवून नवे संगणक घ्यावेत. मी म्हटलं, “आधी दुखणं कुठं आहे ते पाहू, मग औषध.”

संगणक दुरुस्त करणारी एक मुलगी आली. तिनं शाखेतला संगणक उचलून मुख्य इमारतीत जोडला. तेच पान झटकन उघडलं. संगणक निर्दोष सुटला, संशय वाटेवर आला. मग शाखेतून तिनं पिंग ही आज्ञा दिली, पण ‘तुकडे करू नका’ अशी अट घालून. ५४८ बाइट पोहोचले, ५४९ अडले. पिंगचे स्वतःचे २८ मिळवले की बरोबर ५७६! राउटरमध्ये तो जुना आकडा कुणी तरी कधीकाळी घालून ठेवला होता. तो १५०० केल्यावर तेच पान वीस-बावीस सेकंदांत येऊ लागलं. पुस्तकांचे पैसे पुस्तकांसाठीच राहिले.

मात्र आकडा वाढवला की काम झालं, असं नाही. वाटेतल्या एखाद्या टप्प्याला मोठं पाकीट पेलत नसेल आणि तिथली अडचण सांगणारा निरोपही कुणी अडवत असेल, तर लहान फायली उघडतात आणि मोठ्या अर्ध्यावर अडकतात. ९,००० बाइटांची पाकिटं वापरायची, तर वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ती झेपायला हवीत. आणि एक मोठी फाईल भराभर येते, पण हजार छोट्या रखडतात, असं दिसलं तर दोष पाकिटाचा नसावा; तिथं प्रत्येक फाईलमागे होणाऱ्या हेलपाट्यांत वेळ जातो.

तेव्हा श्रोतेहो, फाईल रखडली तर ती दोन ठिकाणी उघडून पाहा, वाट मोजा, आणि काहीही बदलण्याआधी जुना आकडा कागदावर लिहून ठेवा. हे सगळं करायला एक दुपार पुरते. नव्या यंत्राचं दरपत्रक त्यानंतर मागवलेलं बरं.