कळा, सुगंध आणि पुरावा

बाळंतपणाच्या कळा सुरू असताना लॅव्हेंडर, गुलाब, जाई अशा सुगंधी तेलांचा उपयोग होतो, असे हल्ली खूप सांगितले जाते. या दाव्याचा सर्वात मोठा आधार ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातला आहे. तिथल्या सुइणींनी 1990 ते 1998 या काळात 8,058 बाळंतिणींना ही तेले दिली: कुणाला मालिशातून, कुणाला टबातल्या पाण्यातून, कुणाला नुसती हुंगायला. मळमळीवर पेपरमिंट, भीतीवर लॅव्हेंडर किंवा ऊद असा साधारण हिशेब होता. निम्म्याहून अधिक जणींनी बरे वाटल्याचे सांगितले, त्रास झाला तो शंभरात एखादीला आणि तोही किरकोळ. त्याच काळात त्या विभागात पेथिडिन या वेदनाशामकाच्या इंजेक्शनचा वापर 6 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर आला. आकडे ऐकून कुणीही भारावेल. पण या बायकांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि आठ-नऊ वर्षांत रुग्णालयाच्या इतर पद्धतीही बदलतात. त्यामुळे श्रेय तेलाचे किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही. इटलीत 513 जणींवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. त्यात सिझेरियनच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात जेमतेम दोन प्रयोग बसले आणि निष्कर्ष निघाला, पुरावा अपुरा.

मग हे थोतांड म्हणायचे का? तसेही नाही. भीतीने अंग आखडते आणि आखडलेल्या अंगाला कळ जास्त जाणवते. कंबरेवर तेलाचा हात फिरवायचा तर कुणाला तरी बाळंतिणीशेजारी बसावे लागते, तिच्याशी बोलावे लागते. माझ्या मते गुण बराचसा त्या हाताचा आहे. ‘मग हा नुसता मनाचा खेळ झाला,’ असा आक्षेप येईल. येऊ दे. कळा सोसणारीला धीर मिळाला तर तो खराच असतो. फक्त त्यासाठी महागड्या बाटलीची गरज नाही, आणि त्या बाटलीच्या भरवशावर वेदनाशामक नाकारणे तर अजिबात शहाणपणाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शनात मालिश, श्वसनाचे व्यायाम आणि बाईच्या पसंतीची सोबत यांची शिफारस केली आहे.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ हा समज मात्र घातक. हे अर्क तीव्र असतात. ते पोटात घ्यायचे नाहीत, की काही न मिसळता थेट कातडीला लावायचे नाहीत. बदामाच्या तेलासारख्या साध्या तेलात थेंबभर मिसळूनच वापरायचे. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूर किंवा निलगिरी नेऊ नये. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला ओवा-वेखंडाची धुरी देतात, तिलाही सुगंधोपचार समजू नये. बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसांना बाधतो. घरात कुणाची प्रसूती जवळ आली असेल तर तेल कोणते आणायचे यापेक्षा कळांच्या वेळी तिच्याजवळ कोण थांबणार आणि रुग्णालय त्याला परवानगी देते का, याची चौकशी आधी करा.